रोज घरी यायच्या अटीवर

फ्लोराबाई अष्टमकरला हिशेबात गंडवेल असं माणूस रोह्यात अजून जन्माला यायचं होतं. ब्लाउजपीस नुसतं हातात धरून बाई सांगायची, “यात लांब बाह्या बसणार नायत. मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नका.” आणि खरंच बसायच्या नाहीत. नवरा इझिकेल धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आला आणि खुर्चीत बसल्या जागी गेला, तेव्हापासून तिने शिलाई मशीनवर दोन पोरं वाढवली. कुणापुढे हात पसरला नाही. अशी बाई एका हिशेबात मात्र साफ चुकली, आणि तो होता धाकट्या जोशुआच्या मोटारसायकलचा.

थोरली डेबोरा लग्न करून इस्रायलला गेली होती. ही माणसं बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. पिढ्यानपिढ्या कोकणात राहिलेली, मराठीतच भांडणारी आणि मराठीतच रडणारी. एकेकाळी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या त्यांच्या आळीत शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरोघर शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा दिवा लागायचा. आता एकट्या फ्लोराच्या घरात लागतो. बाकीच्या दारांना कुलपं, नाहीतर दुसऱ्यांची नावं. “आमचे लोक परत येतात ते मयताला, नायतर घर विकायला,” असं फ्लोरा हसत सांगायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. तिला जन्मात एकाच गोष्टीची धास्ती होती. जोशुआ पण जाईल. तो गेला की मग ती त्या घरात कुणासाठी उठणार आणि कुणासाठी चूल पेटवणार, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

बारावीनंतर जोशुआला फार्मसीला प्रवेश मिळाला, पेणच्या बाजूच्या एका कॉलेजात. आनंद झाला, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी पोरगा म्हणाला, “आई, तिघं मित्र मिळून पेणला खोली घेतायत. मी पण जाऊ?”

झालं! फ्लोराचं तोंड एवढंसं झालं. आज पेणला खोली, उद्या पनवेलला नोकरी, परवा विमानात. तिला सगळा रस्ता इथूनच दिसला. ट्रेन होती, पण तिच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी फटकून. एसटीचं तर विचारूच नका. नागोठण्याला उतरा, दुसरी पकडा, आणि ती आली तर आली. मग राहिली मोटारसायकल.

शेजारची धोंडुबाई म्हणजे तिची जिवाची मैत्रीण. तोंडाने फटकळ, पण वेळेला पहिली धावून येणारी. ती म्हणाली, “गो फ्लोरा, वेड लागलं काय तुला? एवढ्या पेट्रोलात पोराची खोली पण होईल नि खानावळ पण. शिवाय तो हायवे! डंपर काय, खड्डे काय. माणूस पोराला घोड्यावर बसवतो, तू यमाच्या रेड्यावर बसवायला निघालीस.”

“तुझी जीभ झडो,” फ्लोरा म्हणाली. पण तिलाही हे सगळं दिसत होतंच की. तिने पेट्रोल धरलं, टायर धरले, चेन धरली, पावसाळ्यातला रेनकोट धरला. संध्याकाळी दारात उभं राहून जीव टांगणीला लागेल, तोही धरला. तो तर सगळ्यात महाग. तरी पारडं झुकलं ते एकाच बाजूला. पोरगा रात्री आपल्या घरात झोपेल. त्यापुढे तिला काहीही जास्त वाटलं नाही. डेबोराच्या बाळंतपणाला जायचं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे तिने काढले आणि एक जुनी, पण बऱ्यापैकी गाडी घेतली. डेबोरा फोनवर रडली. “तुला नात बघायची नाय काय गं?” फ्लोरा म्हणाली, “बघेन की. फोनवर बघेन.” आणि फोन ठेवून ती मोरीत जाऊन पोटभर रडली.

गाडीची किल्ली देताना तिने अट घातली. “रोज घरी यायचं. पाऊस असो, परीक्षा असो, काय वाट्टेल ते असो. आणि शुक्रवारी दिव्याच्या आत.”

“व्हय आई,” जोशुआ म्हणाला. एकोणीस वर्षांचं पोर, गाडी मिळतेय म्हटल्यावर कशालाही व्हय म्हणणार.

आणि त्याने ते पाळलं, हे सांगायलाच हवं. सकाळी अंधार असतानाच भिसे खिंड चढायची, नागोठण्याला हायवेला लागायचं, गडब, वडखळ करत पेण. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. पहिल्या वर्षी येऊन तो बडबडायचा. कुणी काय केलं, सर काय म्हणाले, कँटीनचा वडा कसा दगड. दुसऱ्या वर्षी बडबड कमी झाली. पोरगं आलं की गाडी लावायचं, तोंड धुवायचं, पाठ भिंतीला टेकून डोळे मिटायचं. फ्लोरा म्हणायची, “अभ्यासाचा ताण हाय.” ती पाठीला तेल चोळून द्यायची, आणि चोळताना मनात म्हणायची, आला बाबा, आजच्या दिवशी तरी आला.

एका शुक्रवारी दिव्याच्या आत नाही आला. आभाळ भरून आलेलं, दिवस कलला, तरी गाडीचा आवाज नाही. शेवटी तिने दिवा लावला. दिवा लावला की शनिवारची चांदणी दिसेपर्यंत फोनला हात नाही, हे तिच्या आईपासूनचं. आणि नेमका तेव्हाच फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. फ्लोरा पदराचं टोक पिळत उभी. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने तो उचलला, आयुष्यात पहिल्यांदा.

“आई, चेन तुटली. गडबला हाय मी. दुकानवाले काका टेम्पो बघून देतायत. तू नको घाबरू.”

तिने फोन ठेवला. दिव्याकडे बघायची तिला लाज वाटली, पण तरी तिने त्याच्यासमोरच हात जोडले. त्यांच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस बोलली. माझा पोरगा शिक्षण पुरं होईपर्यंत रोज सुखरूप घरी येऊ दे, मी तुझा मलिदा करीन, चार गावची माणसं बोलावीन. नवस बोलल्यावर तिचा जीव थाऱ्यावर आला, आणि रात्री टेम्पोतून पोरगाही घरी आला. देव ऐकतो, यावर तिचा विश्वास होता. आणि देवाने ऐकलं, अगदी तिने सांगितलं तेवढं आणि तेवढंच.

जोशुआ चांगल्या मार्कांनी पास झाला. चार वर्षांत पोराच्या अंगावर साधा ओरखडा नाही. फ्लोराने मलिद्याचा दिवस ठरवला. अलिबागहून, पेणहून उरलीसुरली माणसं बोलावली. सकाळीच पोहे भिजत घातले, आणि धोंडुबाईला घेऊन नारळ खवायला बसली. तोंडाचा पट्टा चालू. “आता धाटावला लागेल एखाद्या कंपनीत. डबा मी देईन. मग पोरगी बघायची.”

जोशुआ दारात येऊन उभा राहिला. “आई, मी डेबोराकडे जातोय. कागद झाले माझे. पुढच्या महिन्यात.”

धोंडुबाईचा हात विळीवर तसाच राहिला. मग ती उठून आपल्या घरी गेली. एवढी फटकळ बाई, पण तिलाही कळलं की इथे आपलं काम नाही.

“तू तर इथेच नोकरी करणार होतास,” फ्लोरा म्हणाली.

“मी तसं कधी म्हटलं नाय, आई. तू म्हणायचीस. मी ऐकून घ्यायचो.”

मग मात्र तिचा तोल गेला. “चार वर्षं मी या दारात काढली रे! जरा उशीर झाला की काळजाचं पाणी व्हायचं. नातीला मांडीवर घेतलं नाय तुझ्या त्या गाडीपायी. आणि तू मला हे सांगतोस, आजच्या दिवशी?”

जोशुआ रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. “तू दारात काढलीस, मी रस्त्यावर काढली. पोरं नाटकात होती, मॅचेस खेळायची, प्रॅक्टिकल झालं की टपरीवर बसायची. मला हाक मारायची. मी हेल्मेट चढवायचो. मग ती हाक मारायची पण बंद झाली. लोक विचारतात कॉलेज कसं होतं, मला सांगताच येत नाय, आई. मला फक्त रस्ता म्हायती हाय. पाठ दुखते म्हणून तू तेल लावायचीस तेव्हा वाटायचं सांगावं, नको मला ही गाडी. पण तुझं तोंड बघून नाय सांगितलं. रोज आलो मी. एकदा पण नाय म्हटलं नाय. आता नाय जमत.”

फ्लोराला आपला हिशेब आठवला. एवढं पेट्रोल, एवढे टायर, एवढी धास्ती, सगळं तिने धरलं होतं. पोरगा काय किंमत मोजतोय, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं, जे काय जातंय ते आपलंच जातंय. मेलं असलं कसलं प्रेम माझं, तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची इतकी चीड आली की हातातली नारळाची वाटी तिने भिंतीवर फेकून मारली.

दुपारी माणसं आली. मलिद्याचं ताट सजलं. पोहे, खोबरं, गूळ, फळं, वर गुलाबाची फुलं. गाणी झाली. अलिबागच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, “फ्लोरा, नवस कशाचा होता गं?”

“पोरगा रोज सुखरूप घरी यावा म्हणून.”

“आला ना?”

“आला.”

“मग आणखी काय पाहिजे!” काका म्हणाले, आणि सगळे आमेन म्हणाले. फ्लोराही म्हणाली. सगळ्यांच्या हातावर तिने प्रसाद ठेवला, जोशुआच्या हातावरही.

माणसं गेल्यावर तो मागच्या अंगणात ताटं घासत होता. ती येऊन पायरीवर बसली. घासलेली ताटं ती पुसायला लागली.

“जोशुआ, तिकडे कामावरून सुटलास की घरी पळत येत जाऊ नकोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे बस कुणाबरोबर तरी. चहा पी. नाटकात काम कर, मॅच खेळ. उशीर झाला तर होऊ दे. डेबोराला मी सांगते, याची वाट बघत दारात उभी राहू नको म्हणून.”

तो हात तसेच खरकटे घेऊन तिच्याकडे वळला. “आणि तू गं?”

“मी जेवून घेईन,” फ्लोरा म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून त्याच्यासमोरच रडायला लागली.