वेळेआधी वाजलेली घंटा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दत्तूला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते त्यालाच.

परवा टिळकवाडीत एका सभेत बोललो. कॉलेजातल्या मुलांची भाषणं आधी तपासू नका, त्यांना बोलू द्या, असं तावातावानं मांडलं. टाळ्या पडल्या. त्यातला प्रत्येक शब्द मला पटतो — म्हणूनच स्वतःची चीड येते. हे सांगणारा मी कोण?

बेळगुंदीहून चालत कॉलेजला येणारा, घरातला पहिला शिकणारा मुलगा मी. नादारीवर शिकत होतो. फी माफ होती ती प्राचार्यांच्या सहीनं. त्यांचे उपकार आजही मानतो. पण उपकार मानणं आणि — थांबा, आधी घंटेचं सांगतो.

आमच्या वक्तृत्व मंडळाचा एक नियम होता. घंटा वाजली की बोलणाऱ्यानं वाक्य अर्धं टाकून खाली बसायचं. तो दत्तूनंच करून घेतलेला. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईचा मुलगा तो. वकिलांची मुलं बोलत सुटली की आमच्यासारख्यांची पाळीच येत नसे, म्हणून हा नियम. घड्याळ आणि घंटा त्यानंच माझ्या हाती दिली. "बेळगुंदीचा गडी हाय, कुणाला भ्यायचा न्हाय," म्हणून हसला होता.

त्या वर्षी आमचा वर्गमित्र शंकर चळवळीत पकडला गेला, हिंडलग्याच्या तुरुंगात होता. कॉलेजनं त्याचं नाव पटावरून काढलं, आणि सभेत ते कुणी घ्यायचं नाही अशी ताकीद दिली. वादाचा विषय होता विद्यार्थी आणि राजकारण. दत्तू उठला, सुरुवातीला विषयावर थोडं बोलला. प्राचार्य पहिल्या रांगेत. "आज एक बाक रिकामा आहे," तो म्हणाला, "त्यावर बसणाऱ्या आपल्या मित्राला परत घ्या. त्याचं नाव —"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाले का? नाही. नुसतं पाहिलं. मी घंटा वाजवली.

दत्तू थांबला. नाव ओठांवर होतं. तरी बसला — नियम त्याचाच ना! मागून कुणी ओरडलं, "निपाणीची बिडी लई लवकर विझली रं!" सगळे हसले. मीही हसलो का? बहुधा हसलो.

बाहेर त्यानं विचारलं, "वेळ संपलता व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग माझंच चुकलं. सुरवातीलाच लई लांबण लावली बघ."

शंकरला कॉलेजनं परत घेतलं नाही. एका भाषणानं घेतलं असतं का? या प्रश्नाच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसलो. आता बसवत नाही.

माझी नादारी टिकली. मी पदवीधर झालो. दत्तू पुन्हा कधी बोलायला उभा राहिला नाही. अजून भेटला की म्हणतो, "मला वेळेचं भान न्हाय रं, तूच बोल." आणि मी बोलतो.

त्या दिवशी घड्याळ माझ्या हातात होतं. त्याचा निम्मा वेळ शिल्लक होता.