मेढ्याच्या रानातली खापरं

आमच्या मंडळींना खापरांचा नाद. मलकापुरातल्या आमच्या घरात धान्याच्या डब्यांपेक्षा फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांचे डबे जास्त होते. बायको कऱ्हाडला कॉलेजात इतिहास शिकवायची आणि पीएचडी करत होती. मेढ्याजवळ तिच्या माहेरच्या शेतात नांगरटीनंतर जुनी खापरं वर यायची. तिथं कधीकाळी एखादं गाव नांदलं असावं, यावर तिचा सगळा प्रबंध उभा होता.

नव्वदचं दशक सरता सरता कऱ्हाडात इंटरनेट कॅफे निघाला आणि हिनं ठरवलं, प्रत्येक खापराचा फोटो, माप आणि माहिती नेटवर टाकायची. कुणाला कुठं असा तुकडा सापडला, तर त्याला ताडून बघता यावा. मी वैतागलो.

"अगं, आधी पदवी तर पदरात पडू दे. कुणीतरी आयतं उचलून नेईल."

"नेऊ दे की. कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय?"

कीबोर्ड अर्थातच माझ्या गळ्यात. एक फोटो चढेपर्यंत माझा चहा गार व्हायचा.

काही आठवड्यांनी विजापूरच्या एका संशोधकाचा ईमेल आला. त्यानं फार अदबीनं विचारलं होतं: तुकडे सगळे बारके, कडा झिजलेल्या, आणि साऱ्या शेतभर सारखेच विखुरलेले. गाव असतं तर एका जागी ढीग लागला असता. ही खापरं उकिरड्यावरच्या शेणखतातून तर शेतात आली नसतील?

तिनं तो ईमेल पुन्हा एकदा वाचला. मग हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. अशा वेळी तिच्या तोंडी माहेरची बोली यायची.

"आवं, त्या रानात खताच्या पाट्या मीच वाहिल्यात की! आन् मलाच कळू नये?"

इतक्या वर्षांची तिची पायपीट मी पाहिली होती. म्हटलं, "पान काढून टाकू. अजून कुणी पाहिलं नसेल."

"काढायचं न्हाई. उद्या कुणी माझ्यासारखंच फसलं, तर त्याला दिसाय नको? लिवा."

ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो: इथं गाव असल्याचा माझा अंदाज चुकला, ही खापरं बहुधा खताबरोबर आली आहेत. खाली विजापूरच्या माणसाचे आभार.

"आता माझं नाव घाला," ती म्हणाली. "पुरं."

त्या बाईचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. मी तिचं नाव ठळक अक्षरांत घातलं.