एक पाऊलही टाकू दिलं नाही

"आमी चालवला न्हाय त्येला. येक पाऊल बी टाकू दिलं न्हाय..." शुक्रवार पेठेतल्या छापखान्याच्या दारात उभे राहून दगडूआबा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते. माझा मित्र व्यंकटेश याला साप चावला, म्हणून ते त्याला मंगळवेढ्याकडच्या आपल्या गावाहून ट्रकमध्ये घालून सोलापूरला आणत होते, आणि तो वाटेतच गेला होता. माझ्या हातात ओली पत्रकं होती. "साप चावलेल्याला चालवू नका, उचलून न्या." मजकूर व्यंकटेशचाच.

विणकराच्या घरातला हा मुलगा मेडिकल कॉलेजात शिकवायचा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि डोक्यात एकच विषय : मोठे रेणू शरीराच्या संयोजी ऊतींतून कसे सरकतात. म्हणजे कातडीखाली, स्नायूंच्या अवतीभवती, तंतूंचा आणि चिकट रसाचा जो भराव सगळं अंग जोडून धरतो, त्यातून. मी मोर्चे आणि पत्रकं यांत वाढलेला. एकदा भडकून म्हणालो, "बाहेर माणसं मरतायत आणि तू रेणू कसले बघत बसलायस?" तो शांतपणे म्हणाला, "मरतायत कशी, तेच बघतोय, लेका." आणि आईनं सुताला लावायला शिजवलेली खळ त्यानं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत भरली, नासू नये म्हणून तिच्यात मोरचूद होताच, आत सुताचा गुंता कोंबला आणि मधोमध रंगाचा एकेक थेंब सोडला. एक पिशवी खिळ्याला टांगली. दुसरी माझ्या हातात दिली. "दाबत राहा." मी दाबत राहिलो आणि बघता बघता थेंब पिशवीभर पसरला. टांगलेल्या पिशवीत तो होता तिथंच होता. सापाच्या विषाचे रेणू मोठे, ते पटकन रक्तात घुसत नाहीत, या जाळीत रेंगाळतात. माणूस चालला की स्नायूच त्यांना दाबून पुढं रेटतात... हे मला त्या दिवशी कळलं.

आणि आमच्या गावांत तर चावलेल्याला चालवतातच! झोपला की विष चढतं, म्हणून दोघं दोन्हीकडून धरून मारुतीच्या देवळाभोवती फिरवत ठेवतात. मायेपोटी मारतात माणसाला. आम्ही तशाच नव्या पिशव्या भरून गावोगाव हिंडायला लागलो. पत्रकाचा पहिला खर्डा मी केला, त्यात व्यवस्थेला चार परिच्छेद शिव्या. व्यंकटेशनं सगळ्या खोडल्या. "साप पत्रक वाचत नाही, आणि ज्याला चावलाय त्याला वेळ नाही," म्हणाला. दगडूआबांनी तर पहिल्या सभेतच टोला हाणला, "आजापास्नं चालवतोय आमी. ह्ये खळीचं गठुडं आमाला शिकवनार व्हय?" सगळं गाव हसलं. व्यंकटेशही हसला. मग पिशवी त्यांच्याच हातात देऊन म्हणाला, "दाबा की आबा, तुमच्या हातानंच बघा." आबांनी दाबली. पसरणाऱ्या रंगाकडे ते बराच वेळ बघत राहिले. पुढच्या खेपेला गावात लोकांना गोळा करायला तेच पुढं होते.

त्या दिवशी मी छपाईसाठी मागं राहिलो, तो एकटाच आबांच्या गावी गेला. ज्वारीची काढणी चालली होती. रानातच बाया-माणसांना सांगावं म्हणून तो पेंढ्यांच्या कडेला बसला आणि पेंढीखालच्या नागानं पायाला धरलं. पुढचं सगळं आबांनी सांगितलं. कुणी देवळाकडं बघितलंसुद्धा नाही. पायाला काठ्या बांधल्या, बाज आणली, ट्रकपर्यंत चौघांनी खांदा दिला. पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तरी तो म्हणत होता, "पाय हलू देऊ नका..." आणि त्यांनी हलू दिला नाही. सांगितलं होतं तसं सगळं केलं त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी. वाटेतल्या दवाखान्यात नेलं. तिथं पाटी होती, टेबल होतं, कपाट होतं. सापाची लस नव्हती. "सोलापूरला न्या," म्हणाले.

याला मी नशीब म्हणणार नाही. ज्याला म्हणायचं त्यानं म्हणावं. त्याच्या शरीरानं विष अडवून धरलं, गावानं त्याला अलगद आणला, सगळ्यांनी मिळून वेळ कमावला... आणि तो वेळ त्या रिकाम्या कपाटापुढं संपला. पत्रकात आता एक ओळ मी वाढवली आहे : लस कुठं आहे, ते विचारा. ही ओळ त्यानं खोडली नसती. खोडायला तरी असायला हवा होता रे...

परवा त्याच्या घरी गेलो. माग थांबलेला. खिळ्याला ती पहिली पिशवी तशीच लटकलेली. मी हात पुढं केला तशी आई ओरडली, "मुट्टुकोकु! हात लावू नको, हललं की पसरतंय." तिला हे त्यानंच शिकवलं होतं. ती दिवसातनं कितीदा तरी तिथं जाऊन उभी राहते, बघते, परत येते. मीही तिच्याशेजारी उभा राहिलो. थेंबाची कड जराशी विरली होती, एवढंच. प्लॅस्टिकपर्यंत तो अजून पोचला नव्हता.

अजून वेळ होता.