ओटीपी शेवगावला, मी शिर्डी विमानतळावर

मैत्रिणींनो, आज पहिल्यांदाच विमानाने बाळंतीण लेकीकडे निघाले. बॅगेत डिंकाचे लाडू. दोन विमान कंपन्यांच्या, प्रवासावर पॉइंट देणाऱ्या सदस्य योजना ताडून पाहिल्या आणि सदस्यांना जादा वजन मोफत नेऊ देणारी निवडली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, जादा वजन मोफत हवं तर सदस्यत्वाचा ओटीपी सांगा. दहा मिनिटांत काउंटर बंद होईल."

ओटीपी गेला शेवगावला, ह्यांच्या मोबाईलवर! सदस्यत्वाच्या फॉर्ममध्ये मी सवयीने ह्यांचाच नंबर भरला होता.

घाईघाईने फोन लावला. हे म्हणाले, "ओटीपी कुणालाच सांगायचा न्हाई, तूच शिकवलंय. आजकाल आवाज बी हुबेहूब काढत्यात." फोन कट!

तिसऱ्यांदा फोन लावून सकाळचं आमचं भांडण जसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा कुठे आकडे मिळाले.

लाडू विमानात चढले. पण पर्समध्ये स्वतःचा मोबाईल असताना मी ह्यांचा नंबर का दिला? तुम्ही कुणाचा देता?