दात काढलेल्यांच्या मावशी

आमच्या इमारतीत कोणाचा दात काढायचा ठरला, की आमच्या मावशींना जेवढा आनंद होई तेवढा त्या दंतवैद्यालाही होत नसेल. मावशी नात्याने माझ्या कोणीच नव्हत्या. हॅम्बर्गमध्ये माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या सत्तरीच्या एक मराठी बाई, एवढीच खरी ओळख. पण मी तिथे राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी जिन्यात त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "हा पाव खायला आणलायस की दाराला अडसर म्हणून लावायला? करून घालणारं कोणी नाही का रे तुला?" मी नाही म्हणालो आणि तेवढ्यावर आमचं नातं कायम झालं. चाळीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या जहाजबांधणीतल्या नोकरीपायी त्या सांगलीहून इथे आल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. काकांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आता त्या घरात मावशी होत्या, एक लाकडी रवी होती आणि अखंड बोलणं होतं.

मावशींचं सगळं तत्त्वज्ञान त्या बोलण्यातून निघालेलं होतं. चावताना बोलता येत नाही, म्हणून चावावं लागणारा प्रत्येक पदार्थ त्यांच्या लेखी शत्रुपक्षाचा. त्यांच्या घरात पाऊल टाकलं की बटाटा, भोपळा, गाजर, सफरचंद, सगळे आपापला ताठा सोडून देत. मी एकदा मोठ्या हौसेने त्यांना विजेवर चालणारं घुसळायचं यंत्र भेट दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, माझं कौतुक केलं आणि कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवून दिलं. "यंत्र बारीक करतं रे, मऊ करत नाही. मऊ करायला शेजारी उभं राहावं लागतं." खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जर्मन गृहस्थांनी नवी कवळी बसवली, तेव्हा मावशी मुगाचं कढण घेऊन त्यांच्या दारात हजर. बिचाऱ्यांनी केवळ शिष्टाचार म्हणून कृती विचारली. मावशींनी मूग भाजण्यापासून सुरुवात केली आणि कृती संपेपर्यंत कढण गार झालं, म्हणून ते पुन्हा गरम करून आणलं. पुढे ते गृहस्थ रिकामा वाडगा लख्ख घासून, आत एक चॉकलेट ठेवून, पिशवीत घालून मावशींच्या दाराला अडकवून जायचे. वर यायचे मात्र नाहीत. आणखी एखादी कृती ऐकण्याची त्यांची तयारी नसावी.

अशात माझ्या अक्कलदाढांनी उचल खाल्ली. चारही एकदम काढायचं ठरलं, टेर्मिन, म्हणजे दंतवैद्याची ठरलेली वेळ, मिळाला आणि सोबत कोणीतरी हवं म्हणून मावशी लग्नाला निघाल्यासारख्या ठेवणीतली साडी आणि वरून रेनकोट घालून निघाल्या. मी गाल फुगवून, तोंडात कापूस कोंबून बाहेर आलो तेव्हा मावशींनी काउंटरवरच्या मुलीला घेरलं होतं. दूध-दह्याचे पदार्थ काही दिवस बंद, असं तिने सांगितलं होतं आणि मावशींचं म्हणणं होतं की तुपाचं काय? त्या मुलीला तूप म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मग मावशींनी तिला चाळीस वर्षं मुरलेल्या जर्मनमध्ये, दुधाला विरजण लावण्यापासून तूप कढवून गाळण्यापर्यंत, सगळं समजावलं. अधूनमधून "आल्झो", म्हणजे आपलं "तर मग", म्हणून त्या श्वास घेत, की ती मुलगी आशेने मान वर करी. मागे रांग वाढत चालली होती. शेवटी त्या मुलीने डॉक्टरांना विचारून एक चमचा तूप मंजूर केलं. "एक म्हणजे आपला एक," मावशी जिना उतरताना मला म्हणाल्या.

घरी आल्यावर मी कोमट पेज प्यायलो आणि सवयीने बेसिनपाशी जाऊन तोंडात पाणी घेतलं. जेवण झालं की खळखळून चूळ भरायची, हे आपल्या हाडामांसात रुजलेलं. तेवढ्यात मागून मावशी ओरडल्या, "खबरदार! चूळ भरशील तर जखमेवरची खपली निघेल. पाणी नुसतं तोंडातून सोडून दे." त्या दिवसापासून माझं खाणं झालं की त्या पोलिसासारख्या बेसिनशेजारी उभ्या राहू लागल्या. स्ट्रॉ नाही, तिखट नाही, तीळ-खसखशीसारखं अडकणारं काही नाही. बाळाच्या दुधासारखा प्रत्येक वाडग्यातला एक थेंब मनगटावर टाकून बघितल्याशिवाय तो माझ्यापुढे येत नसे. पेजेनंतर कढण आलं, मग भोपळ्याचं सार, मग मेतकूट घातलेला गुरगुट्या भात आणि त्यावर मावशींच्या मापाचं एक चमचा तूप. तांदूळ-मुगाचं खिमट आलं तेव्हा मी भुवया उंचावल्या. "बघतोस काय? दात नसलेल्यांचंच खाणं आहे ते," मावशी म्हणाल्या. माझी आई पुण्याहून व्हिडिओ कॉल करून मला बघे आणि मावशींना म्हणे, "अहो, तब्येत सुधारलीय हो त्याची!" तब्येत नव्हती, सूज होती.

पण खरी गंमत वेगळीच होती. मला बोलता येत नव्हतं. मावशींना आयुष्यात पहिल्यांदाच मधे न बोलणारा श्रोता मिळाला होता. समोर खुर्ची ओढून त्या बोलत राहायच्या आणि त्या बोलण्यातून हळूहळू मला उमगलं की त्यांच्या मनात एक मोठा घोळ चालला आहे. सांगलीच्या भावाने त्यांच्यासाठी वर एक खोली बांधली होती. कायमची ये, म्हणून तो मागे लागला होता. सकाळी पेज ढवळताना मावशी जायला निघालेल्या असत आणि संध्याकाळी भात घोटताना त्यांचं राहायचं ठरलेलं असे.

"सगळ्यांना विचारून झालं," एका दुपारी त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात, जाच. या वयात एकटं राहू नका. बरोबरच आहे त्यांचं. इथे मी आजारी पडले तर मला पेज कोण करून घालणार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तिथे माझ्या हातची पेज कोणाला हवीय? वहिनी फार चांगली आहे रे. स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. मागच्या खेपेला चहासुद्धा करू दिला नाही. पाहुणी म्हणून दहा दिवस ठीक आहे. मरेपर्यंत पाहुणी कशी राहू?"

मावशी गप्प झालेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

टाके निघाले त्या संध्याकाळी मावशींनी केळ्याचं शिकरण केलं होतं. दूध आता चालणार होतं. वाडगा पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, "आता तोंड उघडलंय ना? मग सांग. जाऊ की नको?"

मी मनात सगळी शहाणी उत्तरं तयार ठेवली होती. वय, हवा, आपली माणसं. तोंडातून मात्र निघालं, "मावशी, जाऊ नका."

"का रे?"

"मला करमणार नाही."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. तो पुसायला जरा जास्तच वेळ लागला. "एवढंच ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं काढली या गावात. निघताना एकानेही अडवलं नाही, असं मला नको होतं. आता जाते."

आणि वसंतात त्या खरंच गेल्या. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली, खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांचीही चौकशी ठेवायला सांगितली आणि वळून न बघता आत गेल्या. त्यांच्या घरात आता एक तरुण जर्मन जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. जिन्यात भेटली की हसतात आणि आपापला पाव घेऊन आत जातात.

मी दर रविवारी सांगलीला फोन करत असे. मावशी बोलत पुष्कळ, पण त्यात राम नसे. हवा कशी आहे, वहिनीने काय केलं, भावाने कोणती भाजी आणली. "सगळं आयतं मिळतं बघ. गरम गरम भाकरी, खमंग चटणी. चावत बसते." मी विषय बदलायचो. फोन ठेवल्यावर बराच वेळ चैन पडायचं नाही, आणि आपण त्यांना आणखी जोर लावून अडवायला हवं होतं असं वाटत राहायचं.

परवाच्या रविवारी मात्र मावशींनी फोन उचलला तोच धापा टाकत. "अरे, वहिनीचे वरचे सगळे दात काढले! कालच. कवळी बसवायचीय. डॉक्टर म्हणाले, पातळच द्या. गरीब बिचारी, तोंडातून शब्द फुटत नाही तिच्या. नुसती मान हलवते." पाठीमागे भांड्यांचा आवाज येत होता. मावशींच्या आवाजाला कित्येक महिन्यांनी तरतरी आली होती.

मी म्हणालो, "मावशी, इकडे काल—"

"ठेवते रे. पेज उतू जातेय."

फोन बंद झाला. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत मावशींनी स्वतःहून बोलणं संपवल्याची ती पहिलीच वेळ. मला फार बरं वाटलं. आणि जरासं वाईटही वाटलं, ते का ते कोणाला सांगता आलं नसतं. काल माझ्याकडे काय झालं होतं, ते तर मीही विसरून गेलो.