पळी हातात धरून बोलायचं नाही

वाट अडवून उभ्या राहिलेल्या माणसावर इतकं मनापासून चिडणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या कॅनडात सापडायचा नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे हे नागपूरचे काका. स्कारबरोच्या गणपतीत महाप्रसादाची रांग लागली, की हे आमटीच्या पातेल्यापाशी पहाऱ्याला. वाढून घेता घेता कोणी मागच्याशी विंटर टायर्सच्या गप्पा काढल्या, की संपलंच! "अहो, वाढून घ्या, पळी ठेवा, मग बोला! मागे लोकं उपाशी उभे आहेत ना बाप्पा!" एकदा मंडळाचे अध्यक्षच तावडीत सापडले, बिचारे कोशिंबीर न घेताच पळाले.

पण आमची सगळी भिस्त काकांच्या याच चिडण्यावर होती. ऑपरेटिंग सिस्टिममधला, डिस्कवर वाचायचं-लिहायचं काम करणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम आमचा ग्रुप सांभाळायचा. त्यात लॉक एकच, आमटीतल्या पळीसारखं. ते ज्या प्रोसेसरच्या हाती, त्याचंच काम होणार, बाकीचे ताटकळत. एका मोठ्या ग्राहकाच्या मशीनवर डिस्क इतकी रखडायला लागली, की त्यांनी शेवटची टेस्ट ठरवली. नापास झालो तर कॅनडातला आमचा ग्रुप बंद, असं मॅनेजरने तोंडावर सांगितलं. माझं वर्क परमिट याच नोकरीला बांधलेलं; नोकरी गेली की देशही सुटणार. काकांनी ते एक लॉक मोडून कामाच्या प्रत्येक रांगेला स्वतंत्र लॉक दिलं आणि आम्ही देव पाण्यात घालून बसलो.

टेस्टच्या दिवशी ग्राहकाची माणसं फोनवर, स्पीकर चालू. सुरुवात झकास झाली. मग लोड वाढला आणि स्क्रीनवरची उशिराची रेघ चढायला लागली, ती थांबेचना. मॅनेजर पांढराफटक. काका स्क्रीनला नाक लावून पुटपुटत होते, "कोण धरून बसला आहे बे?" आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. उशीर कुठे होतो ते मोजायला त्यांनीच ड्रायव्हरमध्ये कोडच्या चार ओळी टाकल्या होत्या, आणि त्या ओळी लॉक हातात असतानाच वेळेची नोंद लिहीत बसत होत्या. उशीर मोजणाराच उशीर करत होता! मॅनेजरने फोन म्यूट केला आणि कुजबुजला, "से इट्स द नेटवर्क." काकांनी शांतपणे म्यूट काढला. "द डिले इज माइन, सर. गिव्ह मी हाफ ॲन अवर."

मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. "काका, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"अगं, त्या ओळी मीच टाकल्या ना? का नेटवर्कनं येऊन टाकल्या?" टाइप करता करताच ते म्हणाले.

ओळी काढल्या, टेस्ट पुन्हा लावली. लोड वाढत गेला, तरी रेघ खालीच राहिली. पलीकडून कोणीतरी "व्हेरी गुड" म्हणालं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ग्रुप वाचला. पण उन्हाळ्याआधी एक माणूस कमी करायचं ठरलं आणि मॅनेजरने काकांचं नाव दिलं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं: काकांनी काढलेला तो म्यूट. काका विंडसरला मुलीकडे जायला निघाले. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळा ड्रायव्हर मला बैजवार समजावून सांगितला, टेबल आवरलं, कोट घातला आणि दारातून परत आले.

"तुझा पीआर आला ना गं?"

"कालच आला, काका. आता नोकरी गेली तरी इथे कायम राहता येईल."

"मग झालं तर," असं म्हणून ते खूश होऊन हसले आणि दारात कोणाची वाट अडायला नको म्हणून लगेच निघालेही.