पहाटेची पाळी

आर्णीत आमच्या गल्लीला उन्हाळा दोनदा कळतो. एकदा अंगाला, आणि एकदा बिस्मिल्लाबीच्या मोगऱ्यावरून. कळ्या धरल्या की तिच्या दारावरून जाणारा माणूस सायकल आपसूक हळू करतो.

तिचा नवरा गुलाम नबी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. जाण्याआधी त्याने अंगणात बोअर खणून ठेवली. त्या बोअरचं पाणी माणसासारखं आहे. रात्रभर विसावलं की पहाटे भरभरून येतं, मग दम खातं आणि दुपारी थोडं पुन्हा वर चढतं. म्हणून पाळ्या ठरल्या. पहाटेची बिस्मिल्लाबीची, दुपारची भिंतीपलीकडच्या बसंतीबाईची.

बसंतीबाई तांड्यावरून इथे राहायला आली, तेव्हा बिस्मिल्लाबीने तिला न मागता पाणी दिलं आणि मोगऱ्याची फांदीही दिली. फांदी जगली, पण फुलायला आळशी. दुपारचं पाणी बसंतीबाई ड्रममध्ये भरून ठेवी आणि दिवेलागणीला झाडाला घाली. चार कळ्या येत, त्यातल्या दोन गळत. "तुह्या फांदीनं मले फसवलं, आपा," असं ती हसत म्हणायची.

पहाटे नमाज झाली की बिस्मिल्लाबी लोट्याने भिंत वाजवायची.

"उठली का मेली, बसंती?"

"मेली. माती द्याले ये."

"थांब, मोगऱ्याले पाणी पाजून येतो."

अशी कित्येक वर्षं गेली. गल्लीतल्या कोंबड्याच्या आधी आम्हाला ह्या दोघी उठवत. पाण्याच्या बाबतीत बिस्मिल्लाबीचा एकच नेम होता. सूर्य वर यायच्या आत, बुडाशी, पान न भिजवता. ती म्हणायची, पहाटचं पाणी झाडाच्या पोटात जाते, दुपारचं उन्हाच्या.

यंदा तिच्या नातीचा, कहकशांचा निकाह ठरला. त्या घरात मुलीच्या कपाळावरचा सेहरा घरच्याच मोगऱ्याचा असतो. बिस्मिल्लाबीने आपल्या दोन्ही लेकींचा तसाच गुंफला होता. झाड कळ्यांनी गच्च भरलं होतं, आणि नेमका मुकुटबनहून निरोप आला की बहीण पडली, मांडीचं हाड मोडलं. जाणं भाग होतं. घरात मुलगा इमरान होता, सून होती, पण मोगरा तिने कधी कोणाच्या हाती दिलाच नव्हता. दिला तो बसंतीबाईच्या.

"पहाटचं पाणी माह्या झाडाले दे. कहकशांचा सेहरा हाय."

बसंतीबाईने आपल्या लेकराची आण घेतली.

पंधरवड्याने बिस्मिल्लाबी परतली. पिशवी खाली न ठेवता ती आधी झाडाकडे गेली. पानांच्या कडा कागदासारख्या करपल्या होत्या. कळ्या तांबूस पडलेल्या, बोट लावलं की गळत. भिंतीपलीकडे मात्र बसंतीबाईचा मोगरा पांढराशुभ्र लगडला होता.

मी तेव्हा तिच्या ओसरीपुढे निकाहच्या मांडवाचे बांबू गाडीतून उतरवत होतो. बसंतीबाई धावत आली. यंदाचं ऊनच जहरी, रोज पहाटे पाणी दिलं, तरी वरून आगच पडली त्याला कोण काय करणार, असं ती सांगत होती. बिस्मिल्लाबीला ते पटलं. उलट तिनेच बसंतीबाईची समजूत घातली आणि सुनेला चहा टाकायला लावला. चहा पिता पिता बसंतीबाईने तळहात पुढे केला.

"तुहा तो काळा पाईप, आपा. पाह्य, हात पोळला माहा. फडक्यानं धरून पाणी देल्लं मी."

बिस्मिल्लाबीने कप खाली ठेवला.

पहाटे तो पाईप सापासारखा गार असतो. पोळतो तो दुपारी, आणि तेव्हा त्याच्या पोटातलं पाणीही कढत असतं.

"पहाटचं पाणी कुठी गेलं, बसंती?"

बसंतीबाईने चहावरची साय बोटाने बाजूला सारली. मग म्हणाली, "एकदा पाह्याचं होतं, आपा. माह्या दारी फुलते का म्हणून."

"मांगतली असती त देल्ली असती म्या पाळी."

एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला बांबू बांधताना वाटत राहिलं.

निकाहच्या दिवशी दुपार कलल्यावर बसंतीबाई टोपलीभर कळ्या घेऊन दारात उभी राहिली. झाड तुहंच हाय, म्हणाली. बिस्मिल्लाबी टोपलीकडे न पाहता इमरानला म्हणाली की बाजारातून फुलं आण. तो बर्फातली शिळी फुलं घेऊन आला, आणि तिने ती एकेक पुसून सेहऱ्यात गुंफली. घरच्या मुलीच्या कपाळावर पहिल्यांदा बाहेरचं फूल चढलं. बसंतीबाईने टोपली भिंतीवर ठेवली आणि निघून गेली.

दिवे लागले तशा टोपलीतल्या कळ्या उमलल्या. मांडवभर असा वास पसरला की वाढणारे हात थांबले. बाया कहकशांच्या सेहऱ्यापाशी वाकून वास घेत आणि म्हणत, आपा, घरचा मोगरा तो घरचाच.

"हां," बिस्मिल्लाबी म्हणाली, "पहाटचं पाणी हाय त्याले."

दुसऱ्या पहाटे मी जागा होतो. नमाज झाली, मोटार लागली, पाणी चाललं. भिंत वाजली नाही. पलीकडे बसंतीबाई उठलेली होती. भिंतीशी येऊन ती दोनदा खोकली.